तबकडीवरचे एकशेऐंशी

विजेवर चालणाऱ्या घरगुती ओव्हनच्या दर्शनी भागावर जे बटण असते आणि त्याच्याभोवती ५० पासून २५० पर्यंत जे अंश छापलेले असतात, ते पाहून सर्वसाधारण गृहस्थाची अशी समजूत होते की, बटणाची खूण १८० पाशी आणून ठेवली म्हणजे आतील हवा तितकी तापते आणि आपण पुढचा हुकूम देईपर्यंत तेथेच स्थिर राहते. वस्तुस्थिती याहून बरीच चंचल आहे. आतील उष्णता त्या आकड्याच्या वर चढते, खाली उतरते, पुन्हा चढते. या चढउताराचा मध्य छापील आकड्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही, आणि पाचदहा अंशांची तफावत कोऱ्या ओव्हनमध्ये आढळली तरी जाणकार तिला दोष मानीत नाहीत. तफावत २० अंशांवर गेली म्हणजे मात्र प्रश्न उभा राहतो. आणि तो केवळ यंत्राचा राहत नाही, कारण वर्षानुवर्षे त्या यंत्राशी जुळवून घेतलेल्या हाताची गरज एक असते आणि त्याच्याशी आजच ओळख झालेल्या हाताची दुसरी. पुण्यातील माझ्या स्नेह्यांच्या घरी दीर-भावजयींमध्ये या विषयावर जी चर्चा झाली ती मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. दोघांचीही कैफियत मांडली गेली तशीच येथे देतो, आणि जेथे मला स्वतःला काही म्हणायचे असेल तेथे ते वेगळे सांगतो.

दोन्ही पक्षांचा अधिकार आधी नोंदवला पाहिजे. भाऊजींनी आपली नोकरीची सारी वर्षे पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात, मोजमापाच्या उपकरणांची तपासणी करणाऱ्या विभागात काढली. दाबमापक, तापमापक, मायक्रोमीटर अशी जी जी वस्तू आकडा सांगते तिच्याकडे संशयाने पाहणे हाच त्यांचा चरितार्थ होता. वहिनी भाजायला शिकल्या त्या ॲल्युमिनियमच्या गोल ओव्हनवर, ज्याच्या झाकणाला काचेची खिडकी असे, उष्णतेच्या नियंत्रणाची ज्यात कसलीही सोय नसे, आणि फार तापला असे वाटले की प्लग काढून घेणे एवढाच ज्याचा कारभार असे. आज त्यांच्याकडे बटणाचा मोठा ओव्हन आहे, आणि दिवाळी जवळ आली की ओळखीच्या घरांतून नानकटाईची जी मागणी येते ती पुरवता पुरवता त्यांना दुसरे काही सुचत नाही. वादाला निमित्त झाले सूनबाईंच्या स्पंज केकचे. छापील पुस्तकाबरहुकूम १८० अंशांवर ठेवलेला तो केक मध्यभागी फुगून फाटला, त्याच्या कडा काळवंडल्या, आणि सुरी घातली तेव्हा गाभा ओला निघाला.

वहिनी : ओव्हनला काही झालेले नाही. सूनबाईंनी पुस्तक वाचून तो १८० वर लावला, तेथेच घोटाळा झाला. या ओव्हनमध्ये केक १६० वर होतो. मला विचारले असते तर मी लगेच सांगितले असते.

भाऊजी : वहिनी, तुमच्या या एका वाक्यात ओव्हनचा सगळा कबुलीजबाब आला. पुस्तक म्हणते १८०, तुम्ही लावता १६०, आणि केक उत्तम होतो. याचा अर्थ तबकडी १६० दाखवीत असते तेव्हा आत १८० च्या आसपास उष्णता असते. उघडच आहे, तुमचा ओव्हन २० अंशांनी खोटे बोलतो.

वहिनी : खोटे बोलणारा माणूस आज एक आणि उद्या दुसरे सांगतो. हा रोज तेच सांगतो. आमच्या स्वयंपाकघरातले घड्याळ कायम पाच मिनिटे पुढे असते. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे, म्हणून आजवर कोणाची गाडी चुकलेली नाही.

भाऊजी : घरातल्यांची चुकली नाही, हे मान्य. पण सूनबाई त्या घड्याळापुढे पाहुण्या होत्या, आणि पाहुण्याने घड्याळात पाहिले तर दोष पाहुण्याचा कसा?

वहिनींनी यावर लगेच उत्तर दिले नाही. मला मात्र त्यांचे म्हणणे वाटले त्याहून अधिक भक्कम आहे असे तेव्हाच जाणवले होते, आणि गंमत अशी की, त्याला बळकटी आणणारा पुरावा पुढे भाऊजींनीच सादर केला. हाताच्या आणि डोळ्याच्या अंदाजावर विसंबणाऱ्या कारागिरांनाही मापाची गरज कशी भासते, हे दाखवण्यासाठी त्यांनी जोसाया वेजवुड या इंग्रज कुंभाराची हकीकत काढली.

भाऊजी : वेजवुडच्या चिनी मातीच्या भांड्यांना साऱ्या युरोपात मान होता. भट्टीच्या आतला रंग पाहून ताव ओळखण्यात त्याच्या कारागिरांचा हात कोणी धरला नसता. तरीही १७८२ साली त्याने भट्टीची उष्णता मोजण्याचे साधन रॉयल सोसायटीपुढे मांडले. शाडूसारख्या मातीच्या लहान वड्या करायच्या, त्या भट्टीत ठेवायच्या, आणि त्या तापून किती आकसल्या ते निमुळत्या होत जाणाऱ्या पितळी खाचेत सरकवून पाहायचे. वडी जितकी आत जाईल तितका ताव मोठा. डोळ्यावरच भागत असते तर त्याने ही तसदी कशाला घेतली असती?

वहिनी : आणि त्याचे माप बरोबर निघाले?

भाऊजी : (थोडे थांबून) नाही. त्याने आपल्या अंशांची फॅरनहाइटच्या अंशांशी जी सांगड घातली ती फार चुकली. चांदी ४,७१७ फॅरनहाइट अंशांवर वितळते असे त्याच्या हिशेबाने निघत होते. प्रत्यक्षात ती १,७६३ वर वितळते. बिडाचा आकडा तर १७,९७७ पर्यंत गेला होता, आणि बीड खरे पाहता २,१०० च्या आसपास पातळ होते.

वहिनी : मग त्याची भांडी बिघडली का?

भाऊजी : नाही, भांडी बिघडली नाहीत. आजच्या भट्टीतली वडी कालच्या वडीइतकीच आकसली म्हणजे ताव कालच्याइतकाच लागला, एवढे त्याला खात्रीने कळत होते, आणि भांड्यांना तेवढेच पुरे होते.

वहिनी : अहो, मी तरी दुसरे काय म्हणते आहे?

भाऊजी हसले, आणि हा मुद्दा त्यांनी सरळ मान्य केला. मापनशास्त्रात या दोन गुणांची गल्लत कधी होऊ देत नाहीत: उपकरण सत्याच्या किती जवळ आहे हा एक प्रश्न, आणि ते आपले म्हणणे दर वेळी तसेच्या तसे पुन्हा सांगते की नाही हा दुसरा. वहिनींचा ओव्हन पहिल्या परीक्षेत नापास आणि दुसऱ्या परीक्षेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण होता. त्यांच्यापुरते, आणि त्यांच्यापुरतेच, दुसऱ्या परीक्षेतील यश पुरेसे होते.

येथे थोडे विषयांतर करतो. ज्यांच्या घरी ओव्हन नव्हता अशा पुण्या-मुंबईतील असंख्य कुटुंबांची नानकटाई एके काळी पेठेतल्या किंवा नाक्यावरच्या बेकरीत भाजून येत असे. घरी मैदा, तूप आणि पिठीसाखर फेसून गोळे पत्र्याच्या ताटांत मांडायचे, ताटात नावाची चिठ्ठी ठेवायची आणि दुपारी बेकरीच्या मागच्या दाराशी रांग लावायची. वेळ दुपारची असे याला कारण होते. लाकडावर तापवलेल्या विटांच्या भट्टीत पहाटे कडक तावावर पाव निघत, आणि मग भट्टी हळूहळू निवत जाई त्या क्रमाने कमी उष्णता मागणारे पदार्थ आत जात. नानकटाईला जो मवाळ ताव लागतो तो दुपारपर्यंत आपोआप येत असे. भट्टीवाल्याजवळ तापमापक नव्हता. मूठभर पीठ तळावर भिरकावायचे आणि त्याला तांबूस रंग चढायला किती वेळ लागतो ते पाहायचे, एवढ्यावर त्याचा निवाडा होई, आणि शेकडो घरांची ताटे त्या निवाड्यावर सुखरूप परत येत. हे सारे मला ठाऊक असल्यामुळे वहिनींच्या पक्षाकडे माझे मन आधीच झुकलेले होते. परंतु त्या भट्टीवर एकच माणूस उभा असे आणि त्याला पुस्तकातील आकडा कधी पाळावा लागत नसे, ही गोष्टही दृष्टिआड करून चालणार नाही.

पुढे चाचणीची भाषा निघाली, आणि ती काढली वहिनींनीच. उपकरणाशिवाय चाचणी करता येते असे त्यांचे म्हणणे होते. स्टीलच्या वाटीत चमचाभर साखर घालून ती मधल्या जाळीवर ठेवायची. साखर १८६ अंशांच्या सुमारास वितळते, तेव्हा ओव्हनमध्ये खरोखर १८० असतील तर पाव तासानेही दाणा कोरडा राहील, आणि वितळली तर ओव्हन जास्त तापतो हे सिद्ध होईल. वाटी ठेवली गेली. तबकडी १८० वर असताना साखरेचे वाटीच्या कडेला टेकलेले दाणे आधी काचेसारखे पारदर्शक झाले, मग त्यांना मधाचा रंग चढला, आणि पाव तासाच्या आत तळाशी पातळ पाक साचला. निव्वळ ताजी साखर घेऊन १६० वर हाच प्रयोग केला तेव्हा दाणे पांढरे आणि सुटे राहिले.

वहिनी : झाले? तुमच्या तारा-बिरा काढायची गरजच राहिली नाही.

भाऊजी : साखरेने खरी साक्ष दिली, पण अपुरी दिली. जास्त आहे एवढे ती सांगते. किती जास्त ते सांगत नाही, आणि १५० वर किंवा २२० वर काय परिस्थिती आहे याविषयी तर तिला काहीच माहीत नाही. शिवाय साखर हा पुरता सरळ साक्षीदारही नव्हे. फार सावकाश तापवली तर ती आतून विघटित होत होत १८६ च्या खालीही पाघळू लागते. मला या ओव्हनचा पंचनामा करू द्या.

भाऊजींनी आणलेले साधन म्हणजे मल्टिमीटर आणि त्याला जोडलेला के जातीचा थर्मोकपल: निकेलच्या दोन निरनिराळ्या मिश्रधातूंच्या तारा, टोकाशी एकमेकींना जोडलेल्या. दोन धातूंच्या सांध्यांमध्ये उष्णतेचा फरक असला की त्या मंडलात विजेचा परिणाम दिसतो, हे सीबेकने १८२१ साली पाहिले होते. आजचा हा स्वस्त मापक त्याच निरीक्षणावर चालतो. वहिनींनी साहजिकच विचारले की, ही तार तरी खरे बोलते कशावरून.

भाऊजी : हा प्रश्न तुम्ही विचारलात, याचा मला फार आनंद झाला. कालच मी हिचे टोक कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात धरले तेव्हा मीटरने शून्य दाखवले, आणि उकळत्या पाण्यात धरले तेव्हा ९८. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, आणि दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. तेव्हा येथे तिने १०० दाखवले असते तर मी तिलाच दोषी धरले असते. कारखान्यात आम्ही एवढ्यावर थांबत नव्हतो. आमचा मापक त्याहून वरच्या प्रयोगशाळेत तपासला जाई, तिचा त्याहून वरच्या, आणि ही मालिका दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जाऊन संपे. तेथे निसर्गाचेच काही अंश कायम धरलेले आहेत. इंडियम नावाची धातू १५६.५९८५ अंशांवर गोठते आणि शुद्ध कथील २३१.९२८ अंशांवर, तुमचे बहुतेक भाजणे या दोन आकड्यांच्या दरम्यान होते.

वहिनी : कथील म्हणजे कल्हईचे?

भाऊजी : तेच. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यावर नवसागर टाकून कथलाची कांडी फिरवी आणि ती तत्काळ पसरे, तेव्हा ते पातेले २३२ च्या वर गेलेले असे. त्याला आकडा ठाऊक नव्हता, पण आकडा त्याच्या हाताखाली होता.

मला वाटते, त्या क्षणी वहिनींचा विरोध बराच मवाळला. दिल्लीच्या प्रयोगशाळेचा अधिकार त्यांनी मान्य केला असता की नाही कोण जाणे, कल्हईवाल्याचा केला.

तार आत सोडली गेली. मधल्या जाळीच्या मध्यभागी तिचे टोक, कशालाही न टेकता. दार लावून घेतलेले. आणि मीटर ओट्यावर. डाव्या वरच्या कोपऱ्यातून तार किती सहज आत सरकली याकडे वहिनींनी बोट दाखवले, पण भाऊजी आकडे टिपण्यात गुंतलेले असल्यामुळे त्यांनी ते कानांआड केले. कॉइलची वीज दाखवणारा दिवा पहिल्यांदा विझला तेव्हा आकडा भलताच वर गेला, आणि वहिनी "बघा" म्हणणार तोच भाऊजींनी तो लिहूनच घेतला नाही. कॉइलची वीज तुटली तरी कॉइल आणि पत्रा यांत साठलेली उष्णता काही काळ बाहेर पडत राहते, म्हणून पहिली उडी नेहमी अवास्तव असते. अर्धा तास ओव्हनला आपल्या लयीत येऊ द्यावे, आणि मग दर फेऱ्याचा कळस आणि तळ लिहावा, असा त्यांचा शिरस्ता होता. तबकडीवर १८० असताना कळस २१४ निघाला आणि तळ १८६. मध्य बरोबर २००. मग १५० वर लावले तेव्हा १८३ आणि १५७, म्हणजे मध्य १७०. २२० वर २५६ आणि २२६, म्हणजे मध्य २४१.

भाऊजी : आपले दैव चांगले आहे. तिन्ही ठिकाणी तफावत जवळजवळ तीच, २० अंशांची. खाली आठ आणि वर तीस अशी ती वाढत गेली असती तर बटणाखालचा दुरुस्तीचा स्क्रू फिरवूनही तिचे निवारण झाले नसते. एका टोकाला बरोबर करावे तर दुसरे टोक आणखी बिघडते.

वहिनी : आणि हा जो २८ अंशांचा हेलकावा तुम्ही लिहिलात, तो तुमच्या स्क्रूने जाईल?

भाऊजी : नाही. तो या जातीच्या थर्मोस्टॅटचा स्वभाव आहे. आत मागच्या भिंतीला तेलाने भरलेले पेन्सिलीएवढे जे नळकांडे आहे, त्यातले तेल तापून फुगते, केसासारख्या बारीक नळीतून दाब बटणामागच्या पातळ पडद्यापर्यंत पोचतो, आणि पडदा पुरेसा सरकला म्हणजे संपर्क तुटतो. तुटायला एक जागा, पुन्हा जुळायला दुसरी. दोन्ही एकच ठेवल्या तर संपर्क सारखा तडतडत राहून जळून जाईल.

वहिनी : मागच्या डाव्या कोपऱ्यातली बिस्किटे आधी तांबूस होतात, तेही स्क्रूने जाणार नाही?

भाऊजी : तेही नाही.

वहिनी : काळ्या टिनात बूड लवकर भाजते आणि चकचकीत ॲल्युमिनियमच्या डब्यात उशिरा, ते?

भाऊजी : काळा पृष्ठभाग उष्णतेचे किरण अधिक शोषतो. तबकडीला त्याची दखलच नाही.

वहिनी : संध्याकाळी दिवे मंद होतात तेव्हा सगळेच रेंगाळते.

भाऊजी : तेथे मात्र ओव्हन निर्दोष आहे. दाब २३० व्होल्टवरून २०० वर आला तर कॉइलची शक्ती सुमारे पाऊणपट राहते, म्हणून तापायला वेळ लागतो. पण थर्मोस्टॅट वीज तोडतो ती त्याच अंशावर.

वहिनी : म्हणजे मी या ओव्हनविषयी जे जे जाणते त्यातील एकच गोष्ट तुमचा स्क्रू दुरुस्त करू शकतो, आणि तीही अशी, की जिचा बंदोबस्त मी केव्हाच केलेला आहे.

हे बोलून त्यांनी आपली वही भाऊजींपुढे टाकली. जाड पुठ्ठ्याची, कडेला तुपाचे डाग पडलेली ती वही मीही उलटून पाहिली. नानकटाई, जिरा बिस्किट, रव्याचा केक, फळांचा केक, पाव. प्रत्येकापुढे अंश, मिनिटे आणि कोणत्या जाळीवर ठेवायचे याची नोंद. काही ठिकाणी जुना आकडा खोडून नवा घातलेला. भाऊजींनी सूनबाईंचे छापील पुस्तक शेजारी ठेवले आणि दोन्हींतील आकडे कारकुनाच्या चिकाटीने एकाखाली एक लिहून काढले. पुस्तकात १८० तेथे वहीत १६०; पुस्तकात १७० तेथे वहीत १५०; पावाला २२० तेथे २००. मोजमापाच्या कागदावर जी तफावत तारेने लिहून दिली होती तीच, कोणतेही उपकरण हाती न घेता, फक्त कडा करपल्या की दहा अंश खाली यायचे या रीतीने, वहिनींनी ओव्हनच्या पहिल्या दिवसांतच शोधून ठेवली होती.

भाऊजी : वहिनी, माझ्या विभागात असा दाखला तयार करायला दोन माणसे नेमली असती. तुम्हाला एक गोष्ट सांगतो, ती तुमच्या बाजूची आहे. प्रयोगशाळेकडे उपकरण तपासायला पाठवले म्हणजे ते लोक बहुधा त्याला हात लावत नाहीत. अमुक आकड्यावर इतकी चूक, तमुक आकड्यावर तितकी, एवढे लिहून देतात; उपकरण जसेच्या तसे परत येते आणि वापरणारा त्या कागदाप्रमाणे वजाबाकी करतो. स्क्रू फिरवणे हे वेगळे काम, आणि ते केले की जुना कागद बाद होतो.

वहिनी : तोच तर माझा आक्षेप आहे! तुम्ही स्क्रू फिरवलात की ही सबंध वही बाद होईल.

वादाचे मर्म येथे होते, आणि त्याविषयी माझे मत मी दडवून ठेवीत नाही. जो माणूस एकटाच भाजतो, ज्याला आपल्या ओव्हनची खोड ठाऊक आहे आणि ज्याची कृती त्याच्या घराबाहेर जात नाही, त्याला आकडा खरा असण्याची काहीच आवश्यकता नाही. त्याला फक्त तो कायम असला म्हणजे झाले. पण कृती कागदावर लिहून दुसऱ्याला दिली, किंवा दुसऱ्याने लिहिलेली कृती आपल्या घरी आली, की लगेच त्या आकड्याला दोन पक्षांमधील कराराचे स्वरूप येते. वहिनींनी बेळगावच्या बहिणीला नानकटाईची कृती १५० म्हणून कळवली होती आणि तिची नानकटाई पांढरीफटक राहिली, हे त्यांनी याच चर्चेत अगदी सहज, दुसऱ्या कशाच्या तरी ओघात सांगितले. तेव्हा दोघांचेही लक्ष त्याच्या अर्थाकडे गेले नाही, पण माझ्या मनात निकाल तेथेच लागला. ओव्हन सूनबाईंच्या हाती जाणारच होता. तो ज्या दिवशी जाईल त्या दिवशी तबकडी खरी असली पाहिजे.

भाऊजी त्याच निष्कर्षावर आपल्या वाटेने आले, आणि मग स्क्रूचे वर्णन सुरू झाले. प्लग काढायचा, केवळ बटण बंद करून भागत नाही. ओव्हन निवल्यावर बटण सरळ ओढून काढायचे. खालच्या पोकळ दांड्यात डोकावले की तळाशी एक इवलासा पितळी स्क्रू दिसतो, आणि पुष्कळदा त्याच्यावर कारखान्यातून लाखेचा किंवा रंगाचा ठिपका दिलेला असतो, तो फुटला की मुदतीतील हमी संपली असे समजावे. बारीक पेचकसाने त्याला अगदी थोडे, आठव्या भागाइतके वळण द्यायचे आणि पुन्हा सगळे मोजायचे, कारण कोणत्या बाजूला फिरवल्याने अंश उतरतात हे उत्पादकागणिक बदलते आणि अंदाजाने जास्त फिरवणारा माणूस हमखास पस्तावतो. काही ओव्हनांत ही सोय दांड्यात नसून बटणाच्या पाठीवर खाचांच्या चकतीच्या रूपाने असते. आणि तेलाचे नळकांडेच गळू लागले असेल तर स्क्रूचा विचार मनातून काढून टाकावा, कारण मग दाब वाढतच नाही, संपर्क तुटतच नाही आणि कॉइल तापतच राहते. तेथे थर्मोस्टॅट नवा बसवणे हाच उपाय.

भाऊजी : नव्या इलेक्ट्रॉनिक ओव्हनला यातले काही नको. आत प्लॅटिनमची तार असते, शून्य अंशांवर तिचा विरोध हजार ओहम असेल तर शंभर अंशांवर तो १,३८५ होतो. यंत्र विरोध मोजते आणि अंश काढते. अमेरिकेतल्या बऱ्याच ओव्हनांत तर बटणे दाबून ३५ फॅरनहाइट अंशांपर्यंत वर किंवा खाली दुरुस्ती करता येते. आपले साधारण १९ अंश झाले.

वहिनी : म्हणजे माझे २० तेथेही मावले नसते.

शेवटी तह झाला तो असा. दिवाळीची मागणी पुरी होईपर्यंत स्क्रूला कोणी हात लावायचा नाही. माल चालू असताना मापात बदल करायचा नाही हा कारखान्याचाही कायदा असल्यामुळे भाऊजींनी हे कलम विनातक्रार मान्य केले. तोपर्यंत सूनबाईंसाठी ओव्हनच्या बाजूला एक कागद चिकटवायचा: डावीकडे पुस्तकातला अंश, उजवीकडे तबकडीवर लावायचा अंश. दिवाळीनंतर स्क्रू फिरवायचा, आणि वहीतील जुने आकडे न खोडता प्रत्येकाशेजारी तांबड्या शाईने नवा आकडा भाऊजींनी स्वतः लिहायचा, कारण बदल त्यांच्यामुळे घडतो आहे. कागदाचा मसुदा ओट्यावरच तयार होऊ लागला. जाळीची जागा सांगणारा तिसरा रकाना वहिनींनी घालायला लावला. तारीख आणि फेरतपासणीची मुदत यांचा आग्रह भाऊजींचा.

वहिनी : आणि तो डावा वरचा कोपरा?

भाऊजी : कोणता कोपरा?

वहिनी : जेथून तुमची तार लोण्यातून गेल्यासारखी आत गेली. तेथून वाफ बाहेर येते, ती मी किती दिवस पाहते आहे. हे बघा.

त्यांनी वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावले. उजव्या बाजूला ती ओढूनही सुटेना. डाव्या कोपऱ्यातून ती नुसत्या बोटांनी निघून आली. भाऊजींनी चष्मा वर सारून रबराची कड निरखली. कोपऱ्यात ती कडक झाली होती आणि एका जागी तडकली होती.

भाऊजी : गॅसकेट गेले आहे.

वहिनी : ते बदलले तर तुमचे हे आकडे तसेच राहतील?

भाऊजी : नाही राहणार. गळती थांबली की पुढच्या भागातली हवा तापेल, कॉइल कमी वेळ पेटेल, मागची भिंत आणि मध्य यांच्यातले अंतर बदलेल. सगळे पुन्हा मोजावे लागेल.

वहिनी : मग हा कागद आत्ता चिकटवू नका. उद्या तपकीर गल्लीत जा, जुने गॅसकेट नमुन्याला बरोबर न्या, आणि येताना पाव किलो साखरही आणा. तुमच्या तारेआधी मी वाटी ठेवणार आहे.